केसपेपरवरची सौ.

हॅलो?… कोण, समीक्षा? बोल गं… थांब, मधली सुट्टी झाली, पोरं लई कालवा करून राहिलीत. लॅबमध्ये जाते… हां, आता बोल. दिपाली आत्या ऐकतेय.

पीसीओडी?… सोनोग्राफीत निघालं? अन् चार महिने पाळी न्हाई?… मग वहिनीनं मला का सांगितलं न्हाई?… बरं, बरं. रडू नको. घाबरायसारखं न्हाई, पण अंगावर काढायसारखंबी न्हाई.

आतापर्यंत कुणाकुणाला दाखवलं?… पिंपल्ससाठी स्किनवाल्याला… वजनासाठी जिमवाल्याची पावडर… हनुवटीच्या केसांना पार्लर… अन् वरून धर्माबादचं चूर्ण! वा! एका दुखण्याचे चार वाटे केले अन् चौघांना वाटून दिले.

मग वहिनीनं बाळंतपणाच्या दवाखान्यात नेलं? तिथंच, लातूरला?… चांगलं केलं की!… मग?… काय?… पुन्हा सांग.

गळ्यात काळी पोत घालून?… तुझ्या?… अगं बाई!… हसू न्हाई तर काय करू… हाव, हाव, कळलं. बिनलग्नाची पोरगी तिथं बाकड्यावर बसलेली कुणी पाहिली तर लोक काय म्हणतील… अन् केसपेपरवर ‘सौ. समीक्षा’?… मॅडमनं विचारलं लग्नाला किती वर्षं झाली, अन् वहिनी म्हणली दोन!… मग वहिनी स्वतः कोण झाली?… सासू! तुझी सासू!

थांब, थांब. हसण्यावारी न्यायचं न्हाई हे. चिठ्ठी वाच बरं… औषधाचं नाव राहू दे, वर काय लिहिलंय?… मूल राहण्यासाठी?… अगं, मग ती बिचारी मॅडम काय करणार? तुम्ही जे सांगितलं त्यावर तिनं लिहिलं. गोळी सुरू केली का?… पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून घ्या म्हणली, अन् पाळीच आली न्हाई?… सुटलीस माय! आता खरं सांगितल्याबिगर घ्यायची न्हाई.

काय म्हणतो उमाशंकरमामा?… हैदराबादला हार्मोनवाल्याकडं न्या?… जाऊ की, लागलं तर… अगं ऐक ना! आधी बायांचाच डॉक्टर. पण आधी विचारणारा, मग लिहिणारा. नुसती सोनोग्राफी बघून चिठ्ठी फाडणारा न्हाई. रक्त तपासंल, शुगर बघंल, थायरॉईड बघंल, अन् गरज पडली तर स्वतःच हार्मोनवाल्याकडं पाठवंल. इथं नांदेडात माझ्या मॅडम तशा हायत.

माझ्या म्हणजे माझ्याच. मलाबी होतं गं… हाव, मलाच… लेकरू? झालं न्हाई का मला? बहुतेकींना होतं. पण आज तुझ्या लेकराचं काय घेऊन बसलीस? आज तुझ्या तब्येतीचं बघू.

दे वहिनीला फोन… अगं दे म्हणते ना.

जयभीम वहिनी!… न्हाई, रागावले न्हाई… हाव, पोरीचं पुढं कसं जमायचं, ही भीती… कळतं मला… वहिनी, ऐका. मी सहा वर्षं कुणाला सांगितलं न्हाई. तोंडाला स्कार्फ गुंडाळून एकटीच जायचे दवाखान्यात. दुसऱ्या बायांसोबत कुणीतरी असायचं, ते बघून बघून मला रडू यायचं… तुम्ही तर पोरीसोबत गेलात. खोटं बोललात, पण गेलात.

आता शनिवारी दोघी इकडं या… मी येते की सोबत… पोत? पोत घरी ठेवा… ओळखीचं भेटलं तर भेटलं. तब्येत दाखवायला आलो म्हणायचं, अन् त्यांचीबी विचारायची… हां, आता कशा हसल्या!

मी आत्ताच नंबर लावते. कुमारी समीक्षा. सोबत आई…

काय?… अजून एक नंबर?… कुणाचा?…

तुमचा?… काय होऊन राहिलंय?… पाळीत अंगावरून लई जातं?… कधीपासून, वहिनी?… दोन वर्षं!… अन् दादाला?… न्हाई सांगितलं… अन् मला?… न्हाई, न्हाई, ओरडत न्हाई. मी कुठं सांगितलं होतं तुम्हाला माझं?… तुम्ही रडू नका. पोरगी बघंल… मग बघू द्या. कळू द्या तिलाबी.

हाव, दोघींचा एकाच दिवशी लावते. घंटा झाली माझी, पटकन सांगा. नाव ठाऊक हाय मला, वय सांगा…

खरं वय, वहिनी…

हां. लिहिलं. ठेवते.