दोनाता मावशीची टाकी आणि माझं अंजिराचं झाड

...आणि वर मलाच म्हणतात, कापून टाक. एवढं सोपं असतं का ते? ज्याच्या नावावरून माझं नाव ठेवलं त्या संत ओरोंझोची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न शब्द खरा आहे. माझ्या अंजिराची मुळं शेजारच्या टाकीत वीस हात उतरली होती. बरं, वीस नाही... चार. पण टाकीच मुळात पाच हात खोल, मग चार काय कमी झाले?

इकडे लेच्चे शहराच्या बाजूला नदी नाही, ओढा नाही. घरटी एक टाकी, अंगणाखाली खडकात खोदलेली, गच्चीवरचं पावसाचं पाणी तिच्यात साठतं. आणि अंजिराला पाण्याचा वास कसा लागतो देव जाणे. दगडातून, चुन्यातून वाट काढत ते थेट दोनाता मावशीच्या टाकीत गेलं. माझ्या टाकीत का नाही गेलं? मला काय विचारता, झाडाला विचारा. मी कापणार नाही म्हणजे नाही.

ही दोनाता मावशी आमची शेजारीण. सत्तरीची, एकटी, बारा महिने काळ्या कपड्यांत. भिंतीवरून म्हणते, “ओरोंझो, तुझं झाड माझं पाणी पितंय.” मी म्हटलं, “मावशी, आणि तुम्ही माझी अंजिरं खाता त्याचं काय?” कायदा असा, की फांदी भिंतीपलीकडे गेली आणि फळ आपणहून पडलं तर ते पलीकडच्याचं. आपणहून, हं. ऑगस्टात आमच्याकडे पान हलत नाही, तरी हिच्या अंगणात रोज टोपलीभर अंजिरं आपणहून पडायची. टोकाला आकडा बांधलेला वेळू तेवढा भिंतीवरून डोकावून जायचा. मग ती फाडून वाळवायची, बदाम भरून भट्टीत भाजायची, आणि नाताळात त्यातलीच बशीभर मला पाठवून वर निरोप, “ओरोंझोला सांगा, गेल्या वर्षीची जास्त गोड होती.”

तर तिनं पांतालेओला आणलं. हा गावचा मोजणीदार. शिडी लावून टाकीत उतरला आणि वर आला तो हातात मुळांचा झुपका घेऊन. “टाकीला तडा गेलाय. मार्चातल्या संत ज्युझेप्पेच्या सणाआधी हे झाड जायला हवं.” मी म्हटलं, “आधी तू जा.” आमची बायको असुंता म्हणते, “झाड म्हणजे काय तुझी आई आहे?” म्हटलं, आई किती बोलायची, हे कुठे बोलतं? मी कापणार नाही म्हणजे नाही.

उलट, म्हटलं, एक कापा म्हणताय तर शंभर लावतो. फेब्रुवारीत झाड झोपलेलं असतं, तेव्हाच काड्या घ्यायच्या. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, जरा खाली कापायची, चीक थांबेपर्यंत सावलीत ठेवायची, मग टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात माती भरून दोन डोळे वर ठेवून खोचायची. त्या चिकानं माझे हात कोपरापर्यंत सुजले. शंभर डबे... बरं, एकोणीस. पण तुम्ही एकोणीस डबे घरात ठेवून तर बघा. न्हाणीघर भरलं तेव्हा असुंता म्हणाली, “मी आता अंघोळ कुठे करू, झाडावर बसून?”

आणि मार्च उजाडला. हिवाळाभर पाऊस कोसळलेला, आमची टाकी काठोकाठ, आणि दोनाता मावशी चर्चच्या नळावरून दोन हातांत दोन कॅन घेऊन चढ चढतेय. तीनदा थांबली. शिव्या तरी द्यायच्या ना बाईनं, मला भांडायला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, “मावशी, आमच्याकडून न्या पाणी.” म्हणाली, “तुझ्या टाकीतलं? माझंच असेल ते,” आणि गेली.

तरी मी कापणार नाही म्हणजे नाही. सणाच्या आदल्या दिवशी झाड आपणहून पडलं. करवत तिथे कशी आली? अहो, अंगण म्हटलं की करवत असतेच. असुंता सांगत फिरते की मी दोन तास कापत होतो आणि मधूनमधून डोळे पुसत होतो. चीक उडतो डोळ्यांत, दुसरं काय असणार?

मग टाकीची डागडुजी झाली, पाणी टिकलं. आणि ऑगस्टात भिंतीवरून एक फळ पडेना, तेव्हा दोनाता मावशी माझ्या दारात, हात जोडून, “ओरोंझो, एक काडी दे रे.” तासभर उभी ठेवली, मग दिली.

...बरं, शपथ घेतलीय म्हणून सांगतो, एवढं मी रचलं. ती आली नव्हती. मीच सगळ्यांत जोमदार डबा तिच्या उंबऱ्यावर ठेवला आणि पळालो, या वयात. तिनं लावलं ते रोप. कुठे, तर भिंतीला चिकटून, पलीकडे बरोबर माझी टाकी. म्हटलं, “मावशी, तिथे?” म्हणाली, “का? तुझी टाकी पक्की आहे ना?”

आता तिचे गुडघे धरलेत, बादली उचलवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी भिंतीवरून मीच त्याला पाणी ओततो. माझ्याच टाकीतलं.