इंजिनाला गार पाणी पाजणारा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या संत्रा पॅकिंग शेडचे मालक आदरणीय रघुनाथराव, मंचावरच्या मिस्त्रीवहिनी सुधाताई, सत्कारमूर्ती दत्तात्रय मिस्त्री, आणि भाजीच्या वासामुळे माझ्याकडे अर्धंच लक्ष असलेल्या सौसर गावच्या बंधुभगिनींनो,

मिस्त्रींनी जनरेटरच्या खोलीत तीस वर्षं काढली. मी तिथं चार महिने टिकलो, हाही माझ्यापुरता विक्रमच. त्याआधी तिगावला रसवंती, रामाकोन्याला मंडपवाल्याकडे, मधेच जबलपूर. जबलपूरला कशाला गेलो होतो बरं? असो, विषय इंजिनाचा आहे.

लाइट गेली की आपली शेड त्या जुन्या डिझेल इंजिनावर चालते. तेवढीच वीज कमी डिझेलात निघेल, असं मिस्त्री म्हणत. त्यासाठी इंजिन थंड ठेवायला विहिरीचं गार पाणी सोडायचं नाही, टाकीतलं गरम पाणीच फिरू द्यायचं. "इंजिन थंडीनं काकडून राहिलं, बे! अर्धी आग पाणी तापवण्यातच चालली." जेवणाच्या सुटीत मशिनी बंद असतात, म्हणून चाचणी तेव्हाच. रोज तेच बल्ब जोडायचे, एक लिटर डिझेल टाकायचं आणि किती मिनिटं चालतं ते वहीत लिहायचं. रघुनाथरावांनी शब्द दिला होता, मिस्त्री निवृत्त होईस्तोवर फरक दिसला तर इंजिन राहील. नाही तर भंगारात.

फरक दिसला नाही. रोज आधीइतकीच, चौतीस मिनिटं. शेवटी मिस्त्री म्हणाले, "माहंच डोकं म्हातारं झालं."

आता सांगूनच टाकतो. मिस्त्री डबा खायला जात, आणि घड्याळ घेऊन बसायचो मी. टाकीतून वाफ निघाली की माझा जीव घाबरायचा. इंजिनाची दयाही यायची. मग मी विहिरीच्या पाण्याचा नळ पूर्ण सोडायचो, आणि मिस्त्री यायच्या आत बंद करायचो. वर त्यांची शाबासकी, "तुहं ध्यान आहे, लेका!" तीही मी मान खाली घालून घ्यायचो.

काल मिस्त्री नवा सदरा आणायला पांढुर्ण्याला गेले. त्यांचं ते 'म्हातारं डोकं' मनातून जाईना, म्हणून मी पहिल्यांदाच नळाला हात न लावता बसलो. दुपारच्या सुटीत एकदा आणि संध्याकाळी शेड बंद झाल्यावर एकदा, असं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा अडतीस मिनिटं!

रघुनाथराव, भंगारवाल्याचा टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. त्याला थांबवा. माझ्या शब्दावर जाऊ नका, मीही कधी जात नाही. जेवण झाल्यावर तुमच्यासमोर मोजू.

अहो मिस्त्री, हार काढून कुठं निघाले? पंगत तर होऊ द्या! काय म्हणता? "घड्याळ घे अन् चाल"? आलोच.

तेव्हा सर्वांचे घाईघाईत आभार. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चाचणीतली चूक मात्र घालू नका. ती वहीत खोडायला मी निघालो.