सात किलो ज्वारी

(माजलगावकडच्या एका सहकारी दवाखान्यातली सी.टी. स्कॅनची खोली. टंचाईचं साल, सकाळची वेळ. मशीन चालवणारा उत्तरेश्वर; समोर ऊसतोडीला जाणारं जोडपं, शहादेव आणि चंद्रभागाबाई.)

उत्तरेश्वर : मामा, फॉर्मवर तुम्ही मावशीचं वजन बासष्ट सांगितलंय. काट्यावर भरतंय अठ्ठेचाळीस. चौदा किलो गेले कुठं?

शहादेव : मारले! मला ठाव व्हतं. म्हणलं दवाखाना हाय, दोन-चार किलो मारतील. तुमी तर एकदम चौदा मारले, बे!

चंद्रभागाबाई : आवो, लेकराला बे काय म्हणता?

उत्तरेश्वर : म्हणू द्या, मावशी. पण मामा, माणसाच्या वजनात काटा मारून आमाला काय मिळणार?

शहादेव : ते तुमचं तुमाला ठाव. तीस वर्सं कारखान्याच्या काट्यावर गाड्या चढवल्यात म्या. गाडीत दोन टन ऊस, पावतीवर पावणेदोन. काटा म्हणलं की मारणारच.

उत्तरेश्वर : मला सांगू नका. मी तलवाड्याचा. आई-बाप अजून कोयता घेऊन जातात. पण हा काटा निराळा आहे. ह्याच्यावर मावशीचं औषध ठरतं. शिरेतून रंगाचं औषध सोडायचं, किलोला दीड मिली. ते लिव्हरमध्ये पोचलं की गाठ कसली आहे ते दिसतं.

शहादेव : म्हून तर म्हणतो, कमी पडू देऊ नका. आमच्या टोळीतल्या बंकटच्या बायकोला औषध कमी पडलं. फोटो आला धुरकट. पुन्ना बोलावलं बिचारीला.

उत्तरेश्वर : कमी पडलं तर गाठ दिसत नाही, खरंय. पण जास्त झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. मावशीच्या रक्ताचा रिपोर्ट आधीच काठावर आहे. त्यांना पुन्हा-पुन्हा औषध देता यायचं नाही. एकदाच द्यायचं, आणि बरोबर द्यायचं. मावशी, हात द्या बरं, शीर बघतो.

चंद्रभागाबाई : घे बाबा.

उत्तरेश्वर : हे मनगट अठ्ठेचाळीस किलोचं नाही. मावशी, कंबरेला काय बांधलंय तुम्ही?

चंद्रभागाबाई : ह्यांनाच इचार.

शहादेव : ज्वारी हाय.

उत्तरेश्वर : काय?

शहादेव : ज्वारी. सात किलो. कापडाचा पट्टा शिवला, त्याच्यात भरली. म्हणलं काटा तर मारणारच, मंग आधीच वाढवून ठेवू. मारून उरंल ते तिचं खरं वजन. तिच्या हक्काचं औषध तिला पुरं भेटावं, एवढंच.

चंद्रभागाबाई : दोन दिस शिवत बसलते. सुई कुठं धरता येती? चारी बोटं टोचून घेतली.

उत्तरेश्वर : अहो, मग दगड बांधायचा. शिवायची कटकट तरी वाचली असती.

शहादेव : दगड रुततो. उजव्या अंगाला दुखतं तिला. ज्वारी कशी, अंगासरशी बसती.

उत्तरेश्वर : मामा, तुमच्यावर रागवावं का पाया पडावं तेच कळंना मला. सोडा मावशी तो पट्टा. हां. आता राहा उभ्या. हलू नका... एक्केचाळीस.

शहादेव : ह्यॅ! दोन दिवाळीमागं दूध डेअरीच्या काट्यावर पंचावन्न भरलती. त्याच्यात सात मिळवले, म्हून बासष्ट सांगितले. काटा बिघडलाय तुमचा.

उत्तरेश्वर : मग ही ज्वारीच ठेवू काट्यावर. घरी मोजली होती ना?

शहादेव : सोसायटीत. सटवानं मोजली. तो एक मारत न्हाई.

उत्तरेश्वर : ठेवा तुमच्या हातानं. आकडा तुम्हीच वाचा.

शहादेव : सात.

उत्तरेश्वर : बरोबर सात?

शहादेव : व्हय. सातच.

उत्तरेश्वर : मामा, बसा इथं खुर्चीवर. मामा?

शहादेव : म्हंजी काट्यानं काईच मारलं न्हाई.

उत्तरेश्वर : नाही, मामा.

शहादेव : मंग कुठं गेलीस गं एवढी, चंद्रभागे?

चंद्रभागाबाई : कुठं जाते? हितंच हाय की. दुष्काळात छावणीतली जनावरं वाळली, मी वाळले तर काय नवल?

शहादेव : जनावराच्या फासळ्या रोज पाहत व्हतो मी. तुझ्याकडं पाह्यलं न्हाई.

चंद्रभागाबाई : म्याच पाहू दिलं न्हाई. लुगड्याखाली दोन-दोन परकर घालीत व्हते. तुमाला कळलं असतं तर मला कोपीवर, पाचटाच्या झोपडीत बसवून दोघांचा ऊस एकल्यानं तोडला असता. गुडघं गेलेत तुमचं.

शहादेव : तोडला असता.

चंद्रभागाबाई : म्हून तर सांगितलं न्हाई.

शहादेव : लई शानी हाईस.

चंद्रभागाबाई : तुमच्यापरीस हायच. मी काय कुणाला ज्वारी बांधली न्हाई.

उत्तरेश्वर : भांडण घरी जाऊन करा. एक्केचाळीस किलो. साडेएकसष्ट मिली औषध.

शहादेव : एवढंच? अन मी सांगितलं त्याच्यावर किती झालं असतं?

उत्तरेश्वर : त्र्याण्णव.

शहादेव : देवा! दीडपट. माझ्याच हातानं...

उत्तरेश्वर : गेलं नाही ना? मग झालं. आणि हे कमी नाही, मामा. चोळी शिवतात तसं, मावशीच्याच मापाचं आहे. मावशी, औषध जाताना अंगभर गरम वाटंल, घाबरायचं नाही. सांगितलं की श्वास रोखायचा. हाललात तर फोटो हालतो, सगळं पाण्यात.

चंद्रभागाबाई : किती येळ रोखू?

शहादेव : मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढतीस ना? तेवढा येळ.

चंद्रभागाबाई : मंग जमंल.

उत्तरेश्वर : मामा, तुम्ही माझ्यासंगं काचेच्या ह्या बाजूला या. इथं बोललं की आत ऐकू जातं. मशीनचं इंग्रजी बोलणं त्यांना कळायचं नाही, तुम्हीच सांगा. औषध निघालं. मी हात वर केला की सुरू करा.

शहादेव : चंद्रभागे, ऐकू येतंय का? मी हाय बरं का हितं. गरम लागंल, लागू दे... हां, आता दम घे. चढ फळीवर. धर. खाली पाहू नको. धर, धर... आलीस वर. टाक मोळी. सोड दम.

उत्तरेश्वर : आणखी एकदा. हां, सांगा.

शहादेव : दुसरी मोळी, चंद्रभागे. घे दम. चढ. सावकाश... सोड.

उत्तरेश्वर : झालं! बघा, साफ आलंय. गाठ वेगळी दिसतीय, कडा अन कडा. कसली आहे ते डॉक्टर दुपारी सांगतील. पण फोटोसाठी आता पुन्हा औषध द्यायला नको.

शहादेव : वाईट हाय का रं ती?

उत्तरेश्वर : ते मला सांगता येत नाही, मामा. खोटं कशाला बोलू? जे आहे ते लपलेलं नाही, एवढं खरं.

चंद्रभागाबाई : झालं का? उठू का मी?

उत्तरेश्वर : उठा, मावशी. शाबास तुमची. आता दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. औषध लघवीवाटं निघून गेलं पाहिजे.

चंद्रभागाबाई : भरपूर? आमच्या वस्तीला पाच दिसाला टँकर येतो, बाबा. मी निम्मा तांब्या पेते, निम्मा ह्यांना ठेविते.

उत्तरेश्वर : संध्याकाळपर्यंत इथंच बसा. ह्या पिंपातलं प्या, लागंल तेवढं. हा घ्या ग्लास.

चंद्रभागाबाई : ह्यांना दे आधी. सकाळपून माझ्यासंगं तेबी उपाशीच हायत.

शहादेव : तू पी. मी पाहत बसतो.