खंड्यासाठी गप्प

नाही, पण माणसानं गप्प बसायचं म्हणजे किती बसायचं, मी म्हणतो! अहो, मी विमा विकतो. जिभेवर पोट आहे माझं! आणि मला नेलं कुठे? तर निसर्ग केंद्रात. तळ्याकाठी आहे बघा ते, पोरांना चिखलात खेळायची जागा, दोरीचे झोपाळे, ओंडक्यांचा पूल, आणि टोकाला लाकडी मचाण. त्या मचाणावरून म्हणे खंड्या पक्षी दिसतो. म्हणे! कारण आमची लेक दोनदा जाऊन आली, तिला दिसला नाही. का नाही दिसला? माझ्यामुळे! पहिल्या खेपेला मी आनंदानं ओरडलो, 'अगं, तो बघ!'... तो थांबतोय होय! दुसऱ्या खेपेला मी शेजारच्या गृहस्थांना अगदी हळू, तुम्हाला सांगतो, कानात, मुदतीच्या विम्याचे फायदे समजावत होतो... पक्षी उडाला तो उडालाच, गृहस्थही उडाले.

आणि उद्यापासून मचाण दुरुस्तीला बंद! म्हणजे हीच शेवटची संधी. लेक एवढीशी, पण दरारा काय तिचा! गेटवर माझा हात धरून म्हणाली, 'बाबा, आज तू एक शब्द बोलायचा नाहीस. माझी शप्पथ.' डोळ्यांत पाणी हो तिच्या! म्हटलं, बरं... म्हणजे म्हटलं नाही, नुसती मान हलवली.

मग काय! एका अनोळखी कार्ट्यानं माझ्या तळहातावर चिखलाचा गोळा ठेवला, 'काका, खा ना, गरम आहे!' मी तोंड उघडलं का? नाही! ओंडक्यांच्या पुलावर पाय घसरला, बसलो तो थेट डबक्यात, गार पाणी कुठं कुठं गेलं ते विचारू नका... तोंड उघडलं का? नाही! आणि तिथंच एक बाई नवऱ्याला सांगतायत, 'आपण विम्याचं काहीतरी बघायला हवं हो.' अहो, माझ्यापासून हातभर अंतरावर! गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलेलं! जीभ नुसती तडफडली आतल्या आत, पण तोंड उघडलं का? नाही!

पोचलो मचाणावर. लेक, आमची ही आणि केंद्रातल्या ताई, तिघी खिडकीला डोळे लावून तळ्याकडे बघतायत. मला जागाच नाही. मी आपला त्यांच्याकडे पाठ करून, मचाणाच्या मागच्या उघड्या बाजूला ओली विजार सुकवत बसलेलो. आणि काय सांगू तुम्हाला... खंड्या! माझ्यासमोर! खालच्या झोपाळ्याच्या दांडीवर! निळा म्हणजे किती निळा, चोचीत मासा, आणि तो मासा दांडीवर आपटतोय, धुणं आपटावं तसा! आता सांगू कसं? शप्पथ घातलेली! लेकीच्या खांद्याला बोट लावलं, तर 'श्शू!' मग मी दोन्ही हात पंखांसारखे हलवले, डोळे वटारले, बोटांची चोच करून तोंडापाशी नेली... आणि नेमकं आमच्या हिनं वळून बघितलं.

'अगं बाई! अहो, काय होतंय? घशात अडकलं का काही? ताई, ह्यांना बघा हो!' आणि दणादण पाठीत धपाटे! ताई ओरडतायत, 'पाणी! पाणी आणा कुणीतरी!' खालून माणसं धावतायत, आणि अख्ख्या मचाणावर गप्प कोण? एकटा मी! खंड्या कशाला थांबतोय? उडाला. पण उडाला तो मचाणाला वळसा घालून, सर्रकन खिडकीसमोरून, तळ्यावर! 'दिसला! बाबा, दिसला! मासा होता चोचीत!' लेक नाचायलाच लागली, गळ्यात पडली माझ्या, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, 'ह्या वेळी बाबांनी नाही उडवला, आईनं उडवला!'

अहो, काय बरं वाटलं म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा असं प्रशस्तिपत्रक! शप्पथ सुटली, मी छाती भरून श्वास घेतला, सकाळपासून तुंबलेलं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं... तर आमची ही म्हणते, 'तुम्ही अगदी गप्प बसा!'

बसलो. काय करता!