धरणग्रस्ताचा दाखला

तहसीलच्या रांगेत माझ्यापुढे खेमराज आणि त्याचा साळा लिलाधर उभे होते.

"भाऊजी, खरं सांगा, दुसरी मोठी नोकरी भेटली का?"

"नाही रे."

"मंग काहून? खोट्या दाखल्यावर सरकारी नोकरी भेटली, सात वर्षं कोणाले समजलं नाही. आता सोताहून सांगून राहिले?"

"येशूच्या मागं जायचं ठरवलं, लिलाधर. हा दाखला घरात ठेवून कसा जाऊ?"

"चर्चवाल्यांनी काय कबूल केलं तुमाले?"

"काहीच नाही. पास्टर म्हणे, आधी बायकोशी बोल."

"बोलले ताईशी?"

"बोललो. दोन दिवस जेवली नाही."

"मंग?"

"मंग म्हणाली, ज्याचं शेत धरणात बुडालं, त्याच्या पोराची जागा आहे ते. देऊन टाका."

"ताई? तिलेही नेऊन राहिले का चर्चात?"

"नाही. ते देवीलेच जाते अजून."

"मले काही पटत नाही. कोणाचा तरी दबाव आहे तुमच्यावर."

तेवढ्यात खेमराजचा नंबर आला.

"काय पाहिजे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही पाहिजे, मॅडम. हा दाखला खोटा आहे. वापस घ्या."

बाईंनी दाखला उलटून पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"