दोन फळ्यांवरचा गुडघा

मी कांता, गंगापूरकडची. आम्ही चार बहिणी, चौघी बी कबड्डीत. लग्न होईस्तोवर खेळले, मग खांदा उतरला अन् नवरा म्हणला, बास आता. चितेगावला कंपनीत पॅकिंगला लागले, पण मैदान काय सुटंना बगा. ड्युटी सुटली की जायचं, पोरींचे पाय चोळायचे, पट्ट्या बांधायच्या. चोळायचं आईकडून आलं, ती बाळंतिणींना चोळायची, हात लई हलका तिचा, माझा जरा जडच हाय.

तर दोन संघ होते माझ्याकडं, एक चितेगावचा, एक शहरात क्रांती चौकाच्या अंगाला. दोन्हीकडं खोलीत फळा, त्याच्यावर कोणाला काय लागलं ते खडूनं लिवायचं. अन् हे बाहेर सांगायचं नाय, हा कायदाच. समोरच्याला कळलं की हिचा घोटा कच्चा हाय, तर तो घोटाच धरणार ना. दोन्हीकडं जाणारी मी एकलीच, समदे म्हणायचे मावशी पोटात ठेवती. ठेवत व्हते, खरंच. पण मनात तोलायची खोड. शहरातल्या पोरी झटक्यात उठतात, आपल्या रेंगाळतात, असं मला उगाच वाटायचं.

मग आमच्या चितेगावच्या पूनमचा गुडघा मुरगळला. चढाईला हिच्यासारखी पोरगी नाय, वाऱ्यावानी जायची. फळ्यावर लिवलं, पूनम, गुडघा. अन् शहरातल्या फळ्यावर त्याच टायमाला शबाना, गुडघा. शबाना पंधरा दिवसांत मैदानात. तिला मी चोळलं बी नव्हतं, ती डॉक्टरकडं जायची, मी नुसता फळा वाचला. अन् मॅच तोंडावर आली तवा खेळ शिकवणारे आमचे सर विचारात पडले, पूनमला उतरवावं का नाय, तर मीच म्हणलं, अवो सर, शहरातली पोरगी पंधरा दिवसांत उठली, गुडघाच तिचा बी, हिला काय धाड भरली? आग लागो माझ्या जिभेला.

पहिल्याच चढाईला पूनम खाली बसली ती उठलीच नाय. डॉक्टर म्हणले गुडघ्याच्या आतली दोरी, ती लिगामेंट, तुटली, आधीच अर्धी गेली असंल. मी शबानाला गाठलं, तर ती म्हणली, अरे मौसी, मला तर मुका मार व्हता, नुसती सूज.

पूनमच्या आईनं मैदानात येऊन सरांना नाय नाय ते सुनावलं. सर मान खाली घालून उभे. एकदा माझ्याकडं बघितलं, पण नाव काढलं नाय. अन् मी? मूग गिळून गप. सरांनी शिकवणं सोडलं.

आता ऑपरेशन झालंय तिचं. मी रोज जाते, पाय उचलायचा, धरून ठेवायचा, खाली सोडायचा. काल जिना चढली, कठडा न धरता. मला म्हणली, मावशी, तू नसतीस तर मी उभी राहिले नसते. तिला काय ठावं, सरांना खेळव म्हणणारी मीच ते. मोठी होऊ दे पोरगी, खेळू दे नायतर न खेळू दे, चालती राहू दे.

तुम्ही हे समदं लिवून घेतलं ना? मग छापायच्या आधी तिला वाचून दाखवा, सरांना बी बोलवा. मी तिथंच बसते. हाकललं तर हाकललं. पण माझं नाव बदलू नका.