कोणीही न लावलेलं झाड

आजच्या सभेच्या अध्यक्षा, बोलिंग क्लबच्या आणि राखण मंडळाच्याही श्रीमती थेल्मा ऑजर्स; आपल्या मतदारसंघाचे आमदार सन्माननीय श्री. गॅरिक स्टो, नगरपालिकेचे अभियंते श्री. फेनविक; ज्यांच्या मूळनिवासी पूर्वजांच्या जमिनीवर हे सभागृह उभं आहे त्या नोएलीन मावशी; सत्कारमूर्ती श्रीमती मर्ल पास्को; टॅलो ओढा राखण मंडळाचे आणि सामुदायिक बागेचे सभासद; आणि केवळ चहासाठी आलेले मित्रहो,

नोएलीन मावशींनी सुरुवातीलाच आपलं स्वागत केलं. इथे कोणाचं स्वागत करण्याचा अधिकार खरं तर त्यांचाच आहे, आणि तो त्या दोन वाक्यांत वापरतात. मीही थोडक्यात बोलेन, असा शब्द थेल्माबाईंनी माझ्याकडून घेतला आहे. त्यांच्यासमोर घंटी आहे.

मर्लबाई पुढच्या आठवड्यात समुद्रापलीकडे होबार्टला लेकीकडे जात आहेत. कायमच्या. गुडघे गेले. एक बदललेला आहे, दुसरा बदलण्याच्या लायकीचा राहिलेला नाही असं डॉक्टर म्हणतात. जिने उभं आयुष्य ओढ्याकाठी गुडघ्यांवर काढलं, तिच्या गुडघ्यांनी याहून वेगळं काय करायचं होतं?

आता माझी अडचण सांगतो. निरोपाच्या भाषणात पाहुण्याचं कार्य सांगायचं असतं. अमुक इमारत बांधली, तमुक झाडं लावली. मर्लबाईंनी वीस वर्षांत एकही झाड लावलेलं नाही. हे मी आरोप म्हणून सांगत नाही. त्या स्वतःच सांगतात, कोणी विचारलं नाही तरी.

त्यांची पद्धत मंडळाला पाठ आहे, पण आमच्या बागेतली मंडळीही बसली आहेत, म्हणून सांगतो. रान जिथे चांगलं आहे तिथून सुरुवात करायची. वाईटाकडून नाही. चांगल्याच्या कडेला बसायचं, परकं तण मुळासकट काढायचं, माती जिथल्या तिथे ठेवायची आणि वाट पाहायची. जे यायचं ते मातीत असतंच. ते वर आलं की हातभर पुढे सरकायचं. लोक म्हणायचे, मर्ल, त्या टोकाला घाणेरी माजली आहे, डोक्याच्या वर गेली आहे, आधी तिकडे चला. त्या म्हणायच्या, "तिला माजू दे. पोहोचतेय मी."

त्या पोहोचल्या. सतरा वर्षं लागली.

आमच्या बागेचं आणि त्यांच्या रानाचं कुंपण एकच. कुंपणाच्या अलीकडे माझे टोमॅटो, पलीकडे त्या. आमच्या पुदिन्याला कुंपण समजत नाही. दर शनिवारी सकाळी माझ्या वाफ्यात कुंपणावरून एक जुडी येऊन पडायची. मुळासकट.

मी एकदा म्हणालो, "मर्लबाई, पुदिना आहे तो. चहात घाला."

"क्लाइव्ह," त्या म्हणाल्या, "मी तुझा पुदिना तुला परत देतेय. आभार मान."

असे आमचे संबंध. चांगले होते.

मग सरकारची योजना आली. सामुदायिक बागा आणि ओढ्याकाठची रानं यांच्यासाठी अनुदान. आमची जागा आणि त्यांची जागा नगरपालिकेच्या दप्तरी एकच तुकडा आहे, त्यामुळे अर्ज एकत्र करावा लागला. बागेला पाण्याचे नळ मिळणार होते, रानाला हत्यारं आणि एक पगारी माणूस. पण खरी गोष्ट पैशांची नव्हतीच. पहिलं वर्ष नीट पार पडलं, तर दुसऱ्या वर्षी करार होणार होता, आणि करार झालेली जागा दहा वर्षं दुसऱ्या कशासाठी वापरता येणार नव्हती.

दुसरं काय, तर तरण तलावाचं पार्किंग. श्री. फेनविक यांनी त्याचा फार सुबक नकाशा काढला होता. नव्वद गाड्या. मर्लबाई जिथे बसायच्या तिथे अपंगांसाठी राखीव जागा दाखवली होती, हे मला आवर्जून सांगायला हवं. फेनविकसाहेब आज नकाशा न आणता आले, त्याबद्दल आभार.

पहिल्या वर्षाचं उद्घाटन आमदारसाहेबांच्या हस्ते झालं. फीत कापली, सॉसेज भाजली, आणि साहेबांनी ओढ्याकाठी एक झाड लावलं. लाल फुलांची निलगिरी. सुंदर झाड. ते देशाच्या पश्चिम टोकाला उगवतं, इथून साडेतीन हजार किलोमीटरवर. साहेबांच्या कचेरीने रोपवाटिकेतून आणलं होतं. रोपवाटिकेने 'देशी' अशी चिठ्ठी लावली होती. देश मोठा आहे.

मर्लबाई त्या दिवशी हॉस्पिटलात होत्या. पहिला गुडघा. त्या काठी टेकत परत आल्या तो शनिवार मंडळाच्या कामाचा होता. ओढ्याकाठी थांबल्या. झाडाकडे पाहिलं. शेजारच्या, साहेबांच्या नावाच्या पितळी पाटीकडे पाहिलं. बादली मागितली.

मी कुंपणाशीच होतो. म्हणालो, "मर्लबाई, ते आमदारांचं आहे."

"मग त्यांनी घेऊन जावं."

"ते देशी आहे हो."

"तूही देशी आहेस. तुला मी ओढ्यात लावते का?"

मंडळातले नऊ जण तिथे होते. मित्रहो, मी नंतर बराच विचार केला. जगात दुसऱ्या कुठल्याही नऊ माणसांनी त्यांना थांबवलं असतं. त्यांच्यातल्या एकाने नीट निघावं म्हणून बाजूची माती सैल करून दिली. झाड बादलीत गेलं, मग मर्लबाईंच्या पुतण्याच्या अंगणात गेलं, आणि तिथे ते आजही छान आहे असं कळतं. पाटी तेवढी राहिली. पाटी तणात मोडत नाही.

दीड वर्ष गेलं. पाटीच्या मागे वॅटलचं एक रोप उगवलं. आपलंच, ओढ्याचं, बाभळीच्या जातीचं, पिवळ्या गोंड्यांचं. घाणेरीखाली कोण जाणे किती वर्षं बी पडून होतं. छातीएवढं झालं. आणि निरोप आला की आमदारसाहेब करारापूर्वी पाहणीला येत आहेत, सोबत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आहे, आणि साहेबांना आपल्या झाडासोबत फोटो हवा आहे.

त्या दिवशीचा दहाचा चहा कोणी प्यायला नाही. या मंडळाच्या इतिहासात ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

थेल्माबाई म्हणाल्या, "वॅटल पाटीच्या अगदी मागेच आहे. आपण काही बोलायचंच नाही. झाडाला थोडंच बोलता येतं?"

मी म्हणालो, "ते निलगिरी आणि वॅटल यात फरक करू शकणार नाहीत." साहेब, माफ करा. मी तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हतो. आता ओळखतो, आणि माझं मत कायम आहे.

मर्लबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वॅटल त्यांनी लावलेलं नाही."

"कबूल. पण कोणी तरी..."

"कोणीच लावलेलं नाही, क्लाइव्ह. वीस वर्षं मी दुसरं काय करतेय?"

"मर्ल, पार्किंग होईल," थेल्माबाई म्हणाल्या. "नव्वद गाड्या. एक दिवस गप्प राहा. एक दिवस."

मर्लबाईंनी न प्यायलेला चहा ओतला, कप विसळून पालथा घातला. मला वाटलं, गप्प राहतील. त्यांचा चेहरा तसा होता. ते रान गेलं असतं तर त्यांच्याकडे काय राहिलं असतं? एक बदललेला गुडघा.

साहेब आले. कोट, टाय, सोबत सचिव. थेट पाटीपाशी गेले, वॅटलच्या फांदीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा. काय वाढलंय."

आम्ही सगळे ओढ्याकडे पाहत होतो. ओढ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"ते तुमचं नाही," मर्लबाई म्हणाल्या.

"नाही कसं? पाटी आहे ना."

"पाटी तुमची आहे. झाड नाही."

"मग माझं झाड कुठे आहे?"

"माझ्या पुतण्याकडे. मी काढलं."

साहेबांनी हात काढून घेतला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. सचिवांनी फोन काढला, पण कोणाला लावावा हे त्यांना सुचलं नसावं.

"का काढलंत?"

"इथलं नव्हतं."

"आणि हे?"

"हे आपण होऊन आलं."

साहेबांनी पाटीवरचं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "बाई, मला वरती सांगावं लागतं, पैशांतून किती झाडं लावली. मी काय सांगू?"

"एकही नाही."

"हे सांगितलं तर करार होईल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," मर्लबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तिथे किंचित बदलला. मी शेजारी होतो, म्हणून मला कळलं. "पण तुम्ही नसलेलं झाड दाखवून करार आणलात, तर पुढच्या वर्षी वरचे लोक झाडं मोजायला येतील. मग मंडळाला झाडं लावावी लागतील. ओळीत. मग इथे काही उगवायला जागा राहणार नाही. मला ते गाड्यांपेक्षा जास्त लागेल."

साहेबांनी विचारलं, "मग पैशांचं तुम्ही करता तरी काय?"

"बसा. दाखवते."

त्यांनी आपली गुडघ्याखालची गादी साहेबांपुढे सरकवली आणि स्वतः तशाच, नव्या गुडघ्यावर, मातीत टेकल्या. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. साहेबांना दुसरा मार्ग उरला नाही. सचिवांनी कोट धरला. साहेब जवळजवळ अर्धा तास तण काढत होते. त्यांनी उपटलेल्यातलं बरंचसं तणच होतं. उरलेलं मर्लबाईंनी साहेबांची गाडी वळल्यावर परत मातीत बसवलं.

फोटो तेव्हाच निघाला. आमदार गुडघ्यांवर, टाय खांद्यावर टाकलेला, हातात मुळासकट वेल. शुक्रवारी छापून आला. खाली ओळ होती: 'आमदार वृक्षारोपण करताना.'

थेल्माबाईंनी तो बोलिंग क्लबात लावला. आम्हाला वाटलं, सुटलो. खरं बोलायचं ते बोलून झालं, आणि छापणाऱ्यांनी जे छापायचं ते छापलं. आता आमचा काय दोष?

मर्लबाईंनी त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राला दुरुस्ती कळवली. पुढच्या शुक्रवारी ती आली, हरवलेल्या कुत्र्यांच्या वर. छायाचित्रात आमदार झाड लावत नसून वेल काढत आहेत, मंडळाने एकही झाड लावलेलं नाही, आणि लावण्याचा विचारही नाही.

थेल्माबाई त्यांच्याशी तीन आठवडे बोलल्या नाहीत. मी बोललो, पण तेही पुदिन्याबद्दल.

चौथ्या आठवड्यात आमदारसाहेबांचा मला फोन आला. ते म्हणाले, "वरती मी बाईंच्या दुरुस्तीचंच कात्रण दिलं. त्यांनी विचारलं, मोजायचं काय? मी म्हणालो, तण गेलेली जागा मोजा. त्यांना हे नवीन होतं, पण मोजता येण्यासारखं होतं, म्हणून चाललं." मग म्हणाले, "मी आजवर किती तरी गावांत झाडं लावली, क्लाइव्ह. परत जावं तर प्रत्येक ठिकाणी झाड अगदी तेवढंच असतं. मला वाटायचं, माझ्या हातालाच गुण नाही. आता वाटतं, मी जायच्या आदल्या दिवशी कोणी तरी नवं लावत असावं."

करारावर मागच्या महिन्यात सह्या झाल्या. श्री. फेनविक यांनी नगरपालिकेच्या वतीने सही केली. पेन माझं होतं. दहा वर्षं.

मी हे मर्लबाईंना सांगायला गेलो तेव्हा त्या घरी खोकी भरत होत्या. "दहा?" त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मला वाटलं, डोळे भरून आले. तसं काही नव्हतं. म्हणाल्या, "दहा वर्षांत वरच्या वळणापर्यंत जाल तुम्ही. घाई केली नाही तर."

'तुम्ही' म्हणाल्या. तिथे मला कळलं की त्या खरंच जात आहेत.

आता भेटवस्तूचा प्रश्न. आपल्याकडे निरोपाला माणसाच्या नावाने झाड लावायची पद्धत आहे. समितीत हा ठराव मांडला गेला. कोणी मांडला ते सांगत नाही, त्या अध्यक्षस्थानी आहेत. एका मिनिटात सगळ्यांच्या लक्षात आलं की जाण्यापूर्वी त्या येऊन उपटतील.

तेव्हा आम्ही असं केलं. गेले चार शनिवार, मर्लबाई बांधाबांधीत होत्या तेव्हा, मंडळ आणि बाग दोन्हीकडच्या लोकांनी मिळून वरच्या वळणाच्या बाजूला एक तुकडा मोकळा केला. या सभागृहाच्या निम्म्याएवढा. चांगल्याच्या कडेपासून सुरुवात केली. माती हलवली नाही. माझ्या बागेतली माणसं टोमॅटो सोडून गुडघ्यांवर बसली, आणि त्यांना पुदिना ओळखता येतो हे तिथे उपयोगी पडलं. त्या तुकड्यावर आम्ही काहीही लावलेलं नाही. पाटी नाही, दोरी नाही. आज सकाळी मी पाहून आलो. काहीही नाही.

मर्लबाई, ही आमची भेट. ती तुम्हाला होबार्टला नेता येणार नाही, आणि तिथे काय उगवेल हे आम्हाला माहीत नाही. उगवलं की कळवू. नाही उगवलं तर तेही कळवू.

थेल्माबाईंचा हात घंटीकडे गेला आहे. आमदारसाहेब, फेनविकसाहेब, नोएलीन मावशी, चहा आणि लॅमिंग्टन केक करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, किंवा कोणाचं नको तिथे आलं असेल, तर पदरात घ्या. चहानंतर ज्यांना तो तुकडा पाहायचा आहे त्यांनी कडेने टाकलेल्या फळ्यांवरून चालावं. मातीवर पाय देऊ नये. मर्लबाई पुढे असतील, त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच गतीने.